तू आधी घड्याळ पाहिलंस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुझ्यामागे काही ना काही चालूच असतं, म्हणून कागद घेतला. तुमच्याकडून परत येऊन दोन आठवडे झाले, पण त्या मंगळवारची दुपार डोक्यातून जात नाही.

पिल्लूला फीट आली आणि मी चमचा आणायला स्वयंपाकघरात धावलो. तू त्याला कुशीवर वळवलंस, डोक्याखाली एक हात दिलास आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंस. खरं सांगतो, मला राग आला. पोर तडफडतंय आणि आई वेळ बघत बसलीय! "बाबा, चमचा ठेवा. तोंडात काही घालायचं नाही," एवढंच बोललीस, तेही आवाज न चढवता. अडीच मिनिटांत तो शांत झाला. पाच मिनिटं उलटली असती तर फीट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे तुझ्या दुसऱ्या हातात तयार होता, हे मला नंतर दिसलं. मग तू वही काढलीस. किती वाजता, किती वेळ, कुठला हात आधी उडाला, सगळं लिहिलंस. त्यानंतर बाथरूममध्ये गेलीस आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. तेही मी ऐकलं.

त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही, असं कळलं तेव्हा मी तुला म्हणालो होतो, देव अशी मुलं खास आईबापांच्याच पदरात घालतो. धीर द्यायला म्हणालो होतो. आज ते शब्द मागे घेतो. तसं म्हटलं की आम्ही बाकीचे मोकळे होतो. देवीला कोण विचारतं, आज किती तास झोपलीस? आणि खास कसली गं तू! साधा ताप आला तरी घाबरून मला उठवायचीस. तुम्ही दोघं हे सगळं शिकलात, चुकत चुकत, आणि ते शिकताना आम्ही नुसतं कौतुक करत लांब उभे होतो.

तो दोन इंच वाढला म्हणून मी खूश झालो, तर तुझ्या कपाळाला आठी. मग तू समजावलंस: मेंदूची इजा वाढत नाही, पण हाडं भराभर वाढतात आणि आखडलेले स्नायू मागे पडतात. म्हणजे पाय आणखी ताठ, पायाला आधाराला बांधायचा स्प्लिंट लहान, स्ट्रेचिंगला जास्त वेळ आणि खुब्यावर लक्ष. नातू उंच झाला यात काळजीचं काही असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

जावईबापूंना मी आजवर अबोल समजत होतो. ते पिल्लूला काही विचारतात आणि गप्प बसतात, मनात दहापर्यंत मोजत. तोवर त्याची नजर हळूहळू वर जाते, म्हणजे 'हो'. मी तीन मोजायच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकायचो. सात वर्षं त्याच्या वतीने मीच बोलत आलो. लाल शर्ट त्याला मुळीच आवडत नाही, हे मला या खेपेला कळलं. (तिन्ही शर्ट मीच आणलेले.)

पुढच्या महिन्यात येतो. माझ्या कमरेला त्याचं वजन पेलत नाही, तेव्हा आंघोळीचं काम मला सांगू नकोस. भरवायचंही अजून धाडस होत नाही. त्याला ठसका लागला की माझेच हात थरथरतात. पण रात्रपाळी माझी. म्हाताऱ्याला तशीही झोप कुठे असते? स्प्रे पिशवीच्या पुढच्या कप्प्यात असतो, ते लक्षात आहे. तुम्ही दोघं आतल्या खोलीत दार लावून झोपा. काही वाटलं तर मी दार वाजवेन, उगाच शहाणपणा करणार नाही.

फक्त कूस बदलल्यावर गुडघ्यांमध्ये कुठली उशी घालायची, निळी की ती जाड, तेवढं वहीत लिहून ठेव. अक्षर जरा मोठं काढ.

तुझा,
बाबा