आधी दार उघडून स्टिकर बघ

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आला, तीन फोटो आणि खाली एकच ओळ, "फिफ्थ व्हीलसाठी हिच घ्यायचंय, कुठलं घेऊ पटकन सांग". पटकन सांगायला ती काय चप्पल आहे का रे? पिकअप ट्रकच्या पाठीवर कॅम्पर ट्रेलर जोडायचं लोखंड आहे ते. टाइप करायला लागलो, चार मेसेज झाले, पाचव्याला बायको म्हणाली झोपा आता, मग म्हटलं सकाळी चहा घेऊन नीट पत्रच लिहू. तर हे घे, लांबलंय, पण अर्धवट वाचून ऑर्डर टाकू नकोस.

आधी जमिनीबद्दल अभिनंदन. गावाकडं भावकीत अर्ध्या एकराच्या बांधावरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे आपण, आणि तू सॅन अँटोनियोच्या बाहेर दहा एकर घेऊन त्यात जुना कुबोटा ट्रॅक्टर उभा केलास, भारीच. तो फोटो आईला दाखवला तर तिचा पहिला प्रश्न, पाणी आहे का तिथं.

आता मुद्दा. तू विचारतोयस कुठलं हिच, आणि मी विचारतोय तुझ्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर तू वाचलायस का. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे पेलोड. बाकी ब्रोशरमध्ये हा ट्रक वीस हजार पौंड ओढतो वगैरे जे छापतात ना, ते खोटं नसतं, पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. फिफ्थ व्हील तुझ्या ट्रकच्या मागं नुसता येत नाही, तो ट्रकच्या पाठीवर बसतो.

लहानपणीची बैलगाडी आठव. मागं जास्त भरली की उलाळ व्हायची, जू वर जायचं आणि बैलांच्या मानेवर वजनच राहायचं नाही, म्हणून म्हातारी माणसं ओरडायची की चार पेंढ्या पुढं घ्या रे. इथंही अगदी तेच. साध्या बंपरला जोडायच्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन पुढं हुकावर यावं लागतं, कमी पडलं की तो हायवेला शेपटीसारखा डोलायला लागतो. फिफ्थ व्हील आणि गूजनेकमध्ये (तोही ट्रकच्या पाठीवरच, पण गोळ्यावर जोडायचा ट्रेलर) ते १५ ते २५ टक्के असतं, आणि ते मागच्या बंपरवर न येता थेट मागच्या आसाच्या वर नाहीतर जरासं पुढं येतं, म्हणून ते इतके शांत चालतात. पण त्या शांततेची किंमत पेलोडमधून वजा होते.

तुझ्या फोटोतल्या ट्रेलरच्या पाटीवर भरलेलं वजन १२,००० पौंड दिसतंय. २० टक्के धर, २,४०० पौंड पिनवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या ज्या खुंटीला हिच पकडतं तिच्यावर. हिचचे दीडशे, तुम्ही चौघं मिळून पाचशे, मागं जनरेटर नि कूलर. तीन हजार झाले की नाही? तुझा ट्रक २५०० मॉडेल, डिझेल आहे, आणि इथंच गंमत आहे, या वर्गातल्या बऱ्याच ट्रकांचं माणसं-सामानासकट एकूण वजन कंपनीनंच १०,००० पौंडांवर बांधलेलं असतं, त्यात डिझेल इंजिन जड, म्हणजे ताकदवान इंजिन घेतलं की ओढायची ताकद वाढते आणि पाठीवर घ्यायचा हिशोब मात्र घटतो. सेल्समन हे सांगत नाही. मला पण सांगितलं नव्हतं.

माझ्या पहिल्या ट्रकच्या दारावर २,१४० लिहिलेलं होतं, मी कधी बघितलंच नाही. बिग बेंड नॅशनल पार्कला निघालो होतो, पोरं मागं, आणि सहज म्हणून वाटेत ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर चढवला. तिथं वेगवेगळ्या प्लेटा असतात, पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर, आत जाऊन चिठ्ठी घ्यायची. पहिल्या दोन प्लेटांची बेरीज केली तर १०,९०० च्या आसपास, म्हणजे मर्यादेपेक्षा ९०० जास्त. ट्रक तर मस्त चालत होता रे, काही कळतच नव्हतं, फक्त रात्री समोरच्या गाड्या लाइट मारायच्या आणि मला वाटायचं लोकं किती उद्धट, माझाच ट्रक मागं बसून तोंड वर करून चालला होता. पुढच्या वर्षी त्याच्या वरचं, पाठीवर जास्त पेलणारं ३५०० मॉडेल घेतलं.

म्हणून आधी स्टिकर. आकडा बसत नसेल तर जगातलं सगळ्यात भारी हिच पण तो बसवणार नाही. मग एकतर हलका ट्रेलर, नाहीतर ३५००. हिच नंतर.

समज आकडा बसला. आता दुसरी गोष्ट, तुझा बेड, म्हणजे ट्रकचा मागचा उघडा हौदा. साडेसहा फुटी आहे ना? आठ फुटी असता तर हे पानच लिहिलं नसतं. ट्रेलर आठ-साडेआठ फूट रुंद, वळताना त्याचा पुढचा कोपरा पिनभोवती गोल फिरतो, आणि आखूड बेडमध्ये पिनपासून केबिनपर्यंत तेवढी जागाच नसते, मग पेट्रोल पंपावर कोपऱ्यातून बाहेर निघताना तो कोपरा केबिनची मागची काच फोडतो. हल्ली बऱ्याच ट्रेलरांची नाकं दोन्ही बाजूंनी तासलेली असतात, सेल्समन म्हणेल काही लागत नाही. त्याचं ऐकू नको. सुतळी घे. ट्रेलरच्या पिनच्या मध्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताण आणि तिथं गाठ मार. मग तुझ्या बेडमध्ये जिथं हिचचा मध्य येणार तिथं सुतळीचं टोक धर आणि केबिनकडं ओढ. गाठ काचेपर्यंत पोचली तर स्लायडर लागणार, म्हणजे मागं सरकणारं हिच, चार बोटं आधी थांबली तरी मी तर स्लायडरच घेईन, कारण रस्ता उंचसखल असला की ती चार बोटं कुठं जातात कळत नाही.

स्लायडर दोन प्रकारचे. हातानं करायचा असतो त्यात वळायच्या आधी उतरून खटका काढायचा, मग हिच मागं सरकतं, वळण झालं की परत पुढं आणून लॉक करायचं. स्वस्त पडतं, पण तुझा स्वभाव बघता तू विसरणार, दहावीच्या पेपरला हॉल तिकीट विसरणारा माणूस तू. दुसरा आपोआप सरकणारा, पुलराइट कंपनीचा सुपरग्लाइड त्यासाठीच प्रसिद्ध आहे, वळलास की ते स्वतःच मागं जातं, फक्त त्याला ट्रेलरच्या पिनबॉक्सवर, म्हणजे पिन ज्याला बसवलेली असते त्यावर, एक प्लेट पक्की करून घ्यावी लागते, आणि सगळं प्रकरण जड आणि महाग आहे.

आता फिफ्थ व्हील का गूजनेक. फिफ्थ व्हील म्हणजे आपल्याकडं कळंबोलीला कंटेनरच्या ट्रेलरांना असते ना ती ग्रीस फासलेली काळी प्लेट, मागं खाच, त्यात ट्रेलरची दोन इंची पिन घुसते आणि जबडा बंद होतो, तुझं हिच म्हणजे त्याचंच धाकटं भावंड. नाव घोडागाडीवरून आलंय, चाकं चार, आणि पुढचा आस वळावा म्हणून त्यावर आडवं ठेवलेलं लोखंडी चक्र हे पाचवं. गूजनेकला यातलं काही नाही, बेडच्या मधोमध एक गोळा, २ पूर्णांक ५/१६ इंचाचा, त्यावर ट्रेलरच्या मानेचं टोपण वरून बसतं, आणि दोन सेफ्टी चेन लावायच्याच. खडखड करतो, पण शेतावर गवताचे गठ्ठे, जनावरं, ट्रॅक्टर वाहणारे सगळे टेक्सासवाले गोळाच वापरतात, कारण काम झालं की बेड रिकामा.

तुला दोन्ही लागणार आहे, इथंच तुझा प्रश्न सुटतो. कॅम्परला फिफ्थ व्हील आणि कुबोटा न्यायला फ्लॅटबेड गूजनेक. म्हणून माझं ऐकशील तर बेडमध्ये रेल ठोकून घेऊ नको. रेल म्हणजे बेडच्या तळावर आडव्या दोन लोखंडी पट्ट्या, कायमच्या, पुढं काही ढकलत न्यायचं म्हटलं की अडकतं, खोऱ्यानं माती काढायची तर शिव्याच. त्यापेक्षा आधी बेडच्या तळाशी बघ, चार कोपऱ्यांना आणि मध्ये गोल झाकणं आहेत का. असतील तर कंपनीनंच खालून तयारी करून दिलीय, पक सिस्टीम म्हणतात, त्यात बसणारं हिच घे म्हणजे भोकं पाडायची गरज नाही, फक्त फोर्डचं माप आणि रॅमचं माप एक नसतं, ऑर्डर करताना तुझ्याच ट्रकचं बघ. झाकणं नसतील तर बी अँड डब्ल्यूचं टर्नओव्हर बॉल. कॅन्ससमधल्या हम्बोल्ट गावची कंपनी आहे. गोळा उपसायचा, उलटा करून परत त्याच भोकात टाकायचा, बेड सपाट. आणि त्याच भोकात त्यांचं कम्पॅनियन नावाचं फिफ्थ व्हील बसतं, आखूड बेडसाठी त्याचा स्लायडर पण मिळतो. म्हणजे एक भोक, दोन कामं. जड आहे, दोन तुकड्यांत निघतं, शेजाऱ्याला बोलवावं लागेल.

अँडरसन कंपनीचं अॅल्युमिनियमचं हिच पण विचारशील, माहितीय मला. फक्त ३५ पौंडांच्या आसपास, एका हातात उचलून गॅरेजमध्ये ठेवता येतं, आपल्या कंबरा आता काय राहिल्यात! पिनला एक ब्लॉक लावायचा आणि तो गोळ्यावर बसतो. वाईट नाही, लोकं खूश आहेत, पण घ्यायच्या आधी तुझ्या ट्रेलरच्या फ्रेमवाल्याला विचार वॉरंटी राहते का. आणि ते स्वस्तातलं लांब नळकांड्याचं अॅडॅप्टर मिळतं ना, फिफ्थ व्हीलच्या पिनला लावून थेट गूजनेकच्या गोळ्यावर, ते तर नकोच. पहार जितकी लांब तितका दणका जास्त, तो सगळा ट्रेलरच्या फ्रेमला बसतो, सांधे चिरतात, आणि मग कंपनी हात वर करते.

आता जे तुला कोणी सांगणार नाही ते. मागच्या मार्चमध्ये पावसात मी घाईत ट्रेलर जोडला. मागं घेतला, खट्ट आवाज आला, हँडल बंद दिसलं, केबल लावली, ट्रेलरचे पुढचे पाय वर घेतले आणि निघालो. दहा फूट गेलो असेन. आधी एक कुरकुर, मग असा आवाज आला की कोणीतरी घरावर भांड्याची मांडणी पाडली. पिन जबड्यात गेलीच नव्हती, जबड्याच्या वर बसली होती, ट्रेलर उंच राहिला होता म्हणून. अख्खा ट्रेलर ट्रकच्या बेडवर. दोन्ही बाजूच्या कडा चेपल्या, टेलगेट मुडपलं, आणि बायको छत्री घेऊन पोर्चमध्ये उभी, एक शब्द बोलली नाही. ते न बोलणं अजून चालूच आहे.

तेव्हापासून मी मागं घ्यायच्या आधी ट्रेलर जरा खालीच ठेवतो, त्याची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा अर्धा इंच खाली, म्हणजे मागं जाताना हिच त्याला स्वतः उचलून घेतं. मग टॉर्च घेऊन आत बघायचं, दोन प्लेटांच्या मध्ये उजेड दिसला तर खोला आणि परत करा. मग पाय जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच वर, ट्रेलरचा ब्रेक हातानं दाबून धरायचा आणि ट्रक हळू पुढं ओढायचा. नाही सुटला तर जोडलाय. एक मिनिट लागतं, मला त्या दिवशी तेवढंच वाचवायचं होतं.

उंचीचं पण बघ हं, जोडल्यावर ट्रेलर सपाट उभा राहिला पाहिजे, आणि बेडच्या कडा आणि ट्रेलरचं पोट यांच्यात साडेपाच-सहा इंच मोकळे हवेत. कमी असले तर तुझ्या त्या शेताच्या कच्च्या रस्त्याला पहिल्याच खड्ड्यात टेकेल. हिचची उंची बदलता येते, ट्रेलरच्या पिनबॉक्सची पण, घाबरू नको. टेलगेट मात्र जोडताना खाली करायचं विसरशील तर एकदा विसरशील, नंतर आयुष्यभर नाही.

तर आज संध्याकाळी मला दोन फोटो पाठव, दाराचा स्टिकर आणि सुतळीची गाठ कुठं येते ते. ऑर्डर त्यानंतर. बसवायच्या दिवशी मी येतो, टॉर्क रेंच आहे माझ्याकडं, वहिनींना म्हणावं पिठलं-भाकरी पाहिजे, पिझ्झा नको.

तुझा,
शेवटच्या बेंचवरचा

ता. क. बेडमध्ये सुटा प्लॅस्टिकचा लायनर टाकलाय का तू? असेल तर हिचखाली येईल तेवढा कापावा लागेल, लोखंड थेट लोखंडावर बसलं पाहिजे. कापायच्या आधी फोन कर, तू उलटा कापशील.