शनिवारी मी येतेय

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबा "बरं बरं" म्हणून ठेवून देतात, म्हणून लिहितेय. शनिवारी मी येतेय. सोमवारी आपण सीपीआर हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि ते म्हणाले तर पुढे पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात. आमचं ठरलंय!

बाबा, रागावू नका. मनात आणलं तर दारू उद्या सोडीन, असं तुम्ही म्हणता. नवरात्रात सोडलीच होती की. दुसऱ्या माळेला कपातला चहा बशीत सांडायला लागला, बनियन घामानं चिंब. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसल्या, त्या आईला दिसत नव्हत्या. सकाळी घेतलीत तेव्हा कुठं हात थांबला. डॉक्टर लागतो तो इथंच. हे तुमच्या मनाच्या कच्चेपणाचं नाही हो, शरीराला सवय लागलीय. तिथं अंबाबाईची शपथ पुरत नाही, औषध लागतं. रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, जिवावरही बेततं.

मुक्तांगण अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तुमच्यासारखी कुटुंबवत्सल माणसंच असतात तिथं. 'पुढारी' मी पोचवीन. तांबडा-पांढरा नाही मिळायचा, तेवढं सोसा. गल्लीत कुणी विचारलं तर लेकीकडं गेलेत म्हणायचं. खोटं थोडंच आहे? आईजवळ मावशी राहील, विचारलंय तिला.

खासबागेत कुस्त्या बघताना मला खांद्यावर घ्यायचात. मी तुमचे केस धरून बसायची, आणि पडायची भीती म्हणून कधी वाटली नाही.

आई, आता तुला. बाटल्या मोरीत ओतायच्या नाहीत. मामीनं दिलेली पूड भाजीत मुळीच घालायची नाही. त्यात डायसल्फिरामसारखं दारू सोडवायचं औषध असलं आणि वर दारू गेली तर रक्तदाब कोसळतो. तोवर बाबांनीही आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही (हसू नका, बाबा). बरळायला लागले किंवा फिट आली, तर थेट १०८. शेजारच्यांना विचारत बसू नकोस. रात्री तुलाच सुचेनासं झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लाव, फुकट आहे, मराठीत बोलतात.

शुगरची फाईल काढून ठेव. बाबांची बनियनं मी नवी आणतेय, माप तेच ना?

तुमची,
मनू