शाळेची दुर्बीण कपाटाबाहेर काढू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. एप्रिल 2025 मध्ये के2-18बी या, दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर जीवसृष्टीची चाहूल लागल्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. आमच्याकडे वार्षिक परीक्षा चालू होत्या. पेपर संपल्यावर नववीतली एक मुलगी टेबलाजवळ आली आणि अगदी मनापासून तिने विचारलं, "बाई, मग आपण तिकडे राहायला कधी जायचं?"

मी तिला सांगितलं की तो ग्रह 124 प्रकाशवर्षं दूर आहे. व्हॉयेजर-1 यान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने जातंय, त्या वेगाने निघालो तर पोहोचायला 22 लाख वर्षं लागतील. ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या आठपटीहून जास्त आहे, आणि जीवसृष्टीच्या त्या दाव्यावर शास्त्रज्ञांतच मोठा वाद आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण दुसरा कुठला तरी असेलच ना!"

आजवर 6000 हून अधिक बाह्यग्रह, म्हणजे सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह, सापडले आहेत, त्यामुळे तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण माझ्या शब्दांनी तिचं समाधान होणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर वर्गात एक प्रयोग केला. पुठ्ठ्याला 10 सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक पाडलं, त्यावर बटर पेपर चिकटवला आणि मागे बल्ब लावला. हा झाला सूर्य. समोर मोबाइल ठेवून त्यातल्या प्रकाशमापकाचा आकडा पाहिला : 412. मग एक सेंटिमीटरचं शर्टाचं बटण दोऱ्याला बांधून त्या सूर्यावरून सावकाश सरकवलं. आकडा 408 वर उतरला आणि बटण पुढे गेल्यावर पुन्हा 412 झाला. बटण म्हणजे गुरू. गुरूचा व्यास सूर्याच्या एकदशांश, म्हणून तो आड आला की शंभरातला एक भाग प्रकाश अडतो. त्यानंतर पृथ्वी म्हणून सुईच्या टोकावर खसखशीचा दाणा चिकटवून फिरवला. आकडा जागचा हलला नाही. मुलांनी तीन-तीनदा फिरवून पाहिलं.

2004 आणि 2012 मध्ये आपण शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना पाहिला, तीच ही गोष्ट, फक्त परक्या ताऱ्यावर. गुरूसारखे महाकाय ग्रह आधी का सापडले, हे त्या दिवशी सांगावंच लागलं नाही. 1995 मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह मिळाला तोही असाच, गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा आणि फक्त सव्वाचार दिवसांत एक फेरी मारणारा. त्याच्या ओढीने ताऱ्याला बसणारे हेलकावे मोजून त्यांनी तो शोधला. तो तारा आपल्या पूर्वा भाद्रपदा नक्षत्राच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेलगत आहे. अमावास्येच्या रात्री, दिव्यांपासून लांब गेलं तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आता, अशा ग्रहावर राहता येईल का? पाय टेकायला तिथे जमीनच नाही. 7 डिसेंबर 1995 रोजी गॅलिलिओ यानाची कुपी आपल्या गुरूच्या वातावरणात शिरली. तासभरही तग धरू शकली नाही. दाब पृथ्वीच्या वीसपटीवर गेला, तापमान दीडशे अंशांवर, आणि संदेश बंद पडला. हा तर थंड गुरू! एचडी 209458बी हा महाकाय ग्रह साडेतीन दिवसांत ताऱ्याची फेरी मारतो, हजार अंशांवर तापलेला आहे आणि त्याच्या वातावरणातला हायड्रोजन सतत अवकाशात निसटतो आहे. असे ग्रह ताऱ्यापासून दूर जन्मून आत सरकले असावेत, आणि बहुतेक वेळा त्यांच्या आसपास दुसरा ग्रह सापडत नाही. आपला गुरू आत आला नाही, दूरच राहिला. पृथ्वीचं केवढं भाग्य ते!

आशेची एक जागा आहे, ती महाकाय ग्रहांच्या चंद्रांवर. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली पाणी असावं, ते तपासायला ऑक्टोबर 2024 मध्ये युरोपा क्लिपर यान निघालं आहे. पण तिथे शोधायचे आहेत ते जीव, आपल्यासाठी घरं नव्हेत. मंगळाचंही तेच. तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. मंगळावर हाती लागेल तेवढा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी तो ग्रह पुरेसा ऊबदार होणार नाही, असं 2018 मधल्या अभ्यासात दिसून आलं. मुलांना हे आकड्यांनिशी कळायला हवं. मोबाइलवर त्यांना रोज मंगळावरच्या वसाहतींची चित्रं दिसतात.

महोदय, आता मुख्य गाऱ्हाणं. मी आधी ज्या शाळेत होते तिथे एक चांगली आठ इंची दुर्बीण होती. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये तिची नोंद, कपाटाला कुलूप. फुटली तर भरपाई कोणी द्यायची, या भीतीने कोणी ती बाहेर काढत नसे. चार पावसाळ्यांनी मी कुलूप उघडायला लावलं तेव्हा आरशावर बुरशीची नक्षी उमटलेली होती. मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

म्हणून मागणं एवढंच आहे. पालकांच्या संमतीने शाळेत होणारं रात्रीचं आकाशनिरीक्षण हा शाळेचाच उपक्रम मानावा, आणि वापरताना दुर्बीण बिघडली तर शिक्षकाच्या पगारातून वसुली होणार नाही, असा शासन निर्णय काढावा. तालुक्यातल्या निदान एका शाळेच्या दुर्बिणीला साधा कॅमेरा द्यावा. प्रशिक्षणासाठी लांब जायला नको, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेचं मुलांसाठीचं विज्ञान केंद्र, मुक्तांगण विज्ञान शोधिका, आहे. काळं आकाशही आपल्याकडे आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, तो देशातला पहिला. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवलीला दोन मीटरची दुर्बीण आहे आणि आमच्या तालुक्यातल्या खोडदला आणि त्याच्या आसपास पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. महाकाय बाह्यग्रहांकडून रेडिओ लहरी येतात का, हेही त्यांनी तपासून पाहिलं आहे. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी मुलं ट्रॅक्टरमध्ये बसून ते पाहायला जातात आणि संध्याकाळी शाळेच्या बंद कपाटापाशी परत येतात.

कॅमेऱ्याने काय साधणार, असं कोणी विचारलं तर 1999 साल सांगावं. वर सांगितलेल्या एचडी 209458बी या ग्रहाचं, एचडी 209458 या त्याच्या ताऱ्यावरून होणारं अधिक्रमण त्या वर्षी अमेरिकेत फक्त 10 सेंटिमीटरच्या दुर्बिणीने टिपलं गेलं. प्रकाश दीड टक्क्याने उतरतो, तेवढा आमच्या मुलांनाही मोजता येईल. 2019 मध्ये भारताच्या वाट्याला एका महाकाय ग्रहाचं नामकरण आलं, तेव्हा निवडलेलं 'संतमस' हे नाव पुण्यातल्या 13 वर्षांच्या मुलाने सुचवलं होतं. त्याच वयाच्या मुलांना ग्रह मोजायलाही मिळू दे.

एचडी 209458 हा तारा ऑक्टोबरअखेर रात्री आठच्या सुमारास जुन्नरच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. ती मुलगी आता दहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी आदेश निघाला, तर पहिलं अधिक्रमण तिच्या हातून टिपून घेईन आणि तो आलेख आपल्याला पाठवेन.

आपली,
जुन्नर तालुक्यातली एक विज्ञान शिक्षिका