औंढ्याला लायगो, आणि प्रयोगशाळेला कुलूप

मा. संपादक,
स. न.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून जाणारा लेझर, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी हालचाल! तिथे काम करणारी माणसं आपल्या भागातून निघतील का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. मी २९ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं आहे.

मुलं सायन्सला येत नाहीत असं नाही. अकरावीचे वर्ग भरलेले असतात, पण कागदावर. प्रवेश इथे आणि मूल लातूर-नांदेडला क्लासमध्ये. याला ‘टाय-अप’ म्हणतात. नीट, जेईई, सीईटीत उपकरणाला हात लावावा लागत नाही, म्हणून दोन वर्षं प्रयोगशाळेला कुलूप. बारावीच्या शंभरातले प्रात्यक्षिकाचे तीस गुण तसेच पदरात पडतात.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी बहिःस्थ परीक्षक म्हणून एका कॉलेजात गेले होते. जर्नलं उघडली तर सगळ्यांत तीच रीडिंगं, पहिल्याने केलेल्या खाडाखोडीसकट उतरवलेली. मीटर ब्रिजची, म्हणजे विद्युत रोध मोजायच्या उपकरणाची, तार दुकानातून आणल्यासारखी चकचकीत. एका मुलीच्या हातात जॉकी, म्हणजे त्या तारेवर टेकवायची धातूची कांडी, दिली, तर म्हणाली, “मॅडम, ही कुठं टेकवायची?” हुशार मुलगी, सूत्र तोंडपाठ. मी दाखवलं. तार घासायची नाही, टेकवायची आणि उचलायची. गॅल्व्हॅनोमीटरचा, म्हणजे वीजप्रवाह दाखवणारा, काटा आधी डावीकडे गेला, मग उजवीकडे. ती मधली जागा शोधत एकेक मिलिमीटर सरकत गेली आणि एका ठिकाणी काटा हललाच नाही. तिने तीनदा टेकवून पाहिलं. शिपाई पुढची बॅच घेऊन दारात उभा होता, तरी ती जागची हलेना. “म्हणजे हे खरंच असं होतं!” एवढंच म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी, पहिल्यांदा! त्या दिवशी मीही रिवाजाप्रमाणे सगळ्यांना भरघोस गुण दिले. त्याची बोच अजून गेलेली नाही.

जिने काटा थांबताना कधी पाहिलाच नाही, तिला बी. एस्सी. कर, संशोधनात जा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? पालकांचा प्रश्न पोटाचा असतो, तो रास्तच आहे. पण मूलभूत विज्ञान घेणाऱ्या गुणवंतांना केंद्राची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांची. मूलभूत विज्ञान शिकवणारी पुण्याची ‘आयसर’ ही केंद्राची संस्था २००६ पासून आहे. माझ्या शेवटच्या बॅचच्या पालकसभेत या दोन्हींची नावं एकालाही ठाऊक नव्हती.

लेखी परीक्षेला भरारी पथक येतं, तसं ते प्रात्यक्षिकालाही येऊ द्या, आणि वर्षभरात कधीही, न कळवता. पुणे जिल्ह्यातल्या खोडदची रेडिओ दुर्बीण राष्ट्रीय विज्ञान दिनाला लोकांसाठी उघडतात. तशी ओढ औंढ्याच्या प्रकल्पाने आत्तापासून इथल्या शाळांना लावावी, बांधकाम पुरं होण्याची वाट पाहू नये.

वसमतमधल्या ज्या कॉलेजला प्रयोगशाळा उघडायची असेल, तिथे शनिवारची प्रात्यक्षिकं घ्यायला मी विनामोबदला येईन. तार आणि जॉकी माझी मी आणेन.

— एक निवृत्त शिक्षिका, वसमत (जि. हिंगोली)