टॅपेट थंड इंजिनावरच लावावेत

बेळगाव

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, बुलेटची टिकटिक मिस्त्रींनी पार बंद करून दिली, पण तेव्हापासून सकाळी किक हलकी जाते, गाडी लवकर सुरू होत नाही आणि एकदा तापली की बरी चालते, असे तुम्ही फोनवर सांगितलेत. हे फोनवर समजावता येण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुम्ही खानापूरच्या बाजारातून परस्पर गॅरेजवर गेला होतात, म्हणजे इंजिन चांगलेच तापलेले होते. माझ्या मते टॅपेट (पुशरॉडला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीला, खालून ढकलणारे भाग) गरम इंजिनावर घट्ट बसवले गेले आहेत, आणि सगळी लक्षणे त्याचीच आहेत.

आपल्या गाडीचा सिलिंडर बिडाचा आहे. इंजिन तापले की सिलिंडर आणि त्यावरचे हेड प्रसरण पावतात, वर हेडमधला रॉकर (पुशरॉडच्या ढकलीने व्हॉल्व्ह दाबणारा भाग) किंचित दूर जातो, आणि पुशरॉड त्या मानाने कमी तापत असल्यामुळे मधला गाळा, म्हणजे फट, वाढतो. हा वाढलेला गाळा गरम असतानाच काढून टाकला, तर रात्री इंजिन थंड होऊन आकसल्यावर पुशरॉडला जागाच उरत नाही. तो व्हॉल्व्हला थोडा उघडा धरून ठेवतो, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, निसटते आणि सकाळची किक पोकळ लागते. मला खरी काळजी एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हची वाटते. तो आपली उष्णता बंद होऊन सीटवर टेकतो तेव्हाच हेडला देऊ शकतो. नीट टेकलाच नाही तर त्याची कड जळते, आणि मग हेड उतरवण्यावाचून इलाज राहत नाही. त्यापेक्षा थोडी टिकटिक ऐकू आलेली केव्हाही चांगली.

हे काम तुम्ही दोघांनी मिळून घरीच करावे, अशी माझी विनंती आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी आणि सकाळी किक न मारताच कामाला लागावे. मेन स्टँडवर घेऊन प्लग काढावा, चौथा गिअर टाकावा आणि मागचे चाक पुढच्या दिशेने सावकाश फिरवावे. प्लगच्या भोकावर अंगठा धरला की दाब जाणवतो. तेथून पिस्टन अगदी वर येईपर्यंत चाक आणखी थोडे न्यावे. इग्निशन चालू ठेवल्यास विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरचा काटाही खूण देतो: पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्क) उघडले की तो मध्यावर येतो, आणि पिस्टन जवळजवळ वर पोहोचलेला असतो. खूण मिळाली की इग्निशन लगेच बंद करावे. या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. हे साधल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

उजव्या बाजूचे टॅपेटचे झाकण एकाच नटवर आहे. ते काढले की दोन्ही पुशरॉडचे खालचे टोक दिसते. एक्झॉस्टला हात लावण्यापूर्वी डिकम्प्रेसरची (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून दाब सोडणाऱ्या यंत्रणेची) केबल सैल आहे ना, ते पाहावे, कारण ती ओढलेली असेल तर सगळा अंदाज चुकतो. मग चेकनट (टॅपेटचा अ‍ॅडजस्टर जागी धरणारा नट) ढिला करून अ‍ॅडजस्टर थोडा थोडा फिरवावा. पुशरॉड दोन बोटांत धरून सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. एक्झॉस्टचा किंचित अधिक मोकळा ठेवला तरी चालेल. चेकनट आवळताना अ‍ॅडजस्टर हमखास थोडा सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून पाहणे आवश्यक आहे. घाईत नेमके हेच राहून जाते.

येथे उद्यमबागेत माझा दिवस मायक्रोमीटर आणि फिलर गेजच्या (फट मोजणाऱ्या पात्यांच्या) सोबतीने जातो, तरीही सांगते की या कामाला गेज लागत नाही, बोटांची जाण लागते. म्हणून आई, पुशरॉड तू तपासावास असे मला मनापासून वाटते. शिलाई मशिनवर धाग्याचा ताण तू न पाहता नुसत्या स्पर्शाने ओळखतेस, आणि बाबांची बोटे आता पूर्वीइतकी हलकी राहिलेली नाहीत. पाने बाबांनी धरावेत, फिरला की नाही हे तू सांगावेस. बाबांनी जमिनीवर उकिडवे न बसता पाटावर बसावे, आणि उजेडासाठी टॉर्च जवळ असू द्यावी.

झाकण बसवताना पॅकिंग सरळ आहे ना, ते पाहून नट बेताने आवळावा. जोर लावला तर झाकण वाकते आणि तेल झिरपू लागते. एवढे करूनही सकाळची किक हलकीच लागली, तर गाडी तशीच उभी ठेवा. जांबोटीकडे वगैरे नेऊ नका. मी रविवारी येते, कॉम्प्रेशन पाहून हेड उतरवायचे की नाही ते ठरवू.

आपली,
लेक