सहा मिनिटांचे भाषण आणि त्यानंतरचा एक प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ ऑगस्ट, म्हणजे लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती, हा दिवस उजाडला की नागपुरातल्या शाळा-महाविद्यालयांत वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि तो थेट जानेवारीतल्या स्नेहसंमेलनांपर्यंत चालतो. आपल्या दैनिकाच्या शहर पानावर या स्पर्धांचे निकाल आणि ढाल घेऊन उभ्या असलेल्या मुलांची छायाचित्रे नियमित प्रसिद्ध होतात. त्या बातम्या मी आवडीने वाचते, कारण एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना अशा पुष्कळ स्पर्धांना मी मुले नेली आणि परीक्षक म्हणूनही बसले. या बातम्यांत सहसा न येणारी गोष्ट, म्हणजे मूल बोलायला नेमके शिकते कसे, ती एका विद्यार्थिनीच्या निमित्ताने मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. त्यात माझी स्वतःचीही एक चूक आहे आणि ती आधी सांगणे बरे.

उमरेड रस्त्यावरच्या एका गावातून रोज एसटीने येणारी ही मुलगी अकरावीला माझ्या वर्गात होती. आवाज स्वच्छ, पाठांतर चांगले, म्हणून मी तिला स्पर्धेला उभे केले. विषय नेहमीचाच, आजच्या युवकाची दिशा आणि दशा. प्रथेप्रमाणे भाषण मीच लिहून दिले. दोन चारोळ्या घातल्या, शेवटी टाळ्या घेणारे वाक्य ठेवले, कुठे हात वर न्यायचा आणि कुठे क्षणभर थांबायचे तेही कागदावर खुणा करून दिले. मुलीने पंधरा दिवस ते घोकले. स्पर्धेच्या दिवशी चौथ्या मिनिटाला ती अडखळली. सतराचा पाढा मध्येच अडला की मूल जसे पुन्हा ‘सतरा एके सतरा’पासून धरते, तशी ती परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याकडे परत गेली, पुन्हा त्याच जागी येऊन थांबली आणि खाली उतरली. परीक्षकांपैकी एकाने समारोपात, नाव न घेता पण सर्वांना कळेल अशा बेताने, ‘पाणी’चे ‘पानी’ करणाऱ्यांनी आधी उच्चार सुधारावेत असा सल्लाही दिला. परतताना बसथांब्यावर मी तिची समजूत घालू लागले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, माह्यं नव्हतंच ना ते, मंग कसं आठवन?”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सहा मिनिटांच्या त्या भाषणात एकही विचार तिचा नव्हता, त्यामुळे एका वाक्यातून पुढचे वाक्य का निघते हे तिला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. शब्दांची माळ ओवून दिली होती, पण दोरा माझ्याच हातात राहिला होता.

त्यानंतरच्या वर्षभरात मी तिला एकही भाषण लिहून दिले नाही. त्याऐवजी दोनशे पानी वही आणायला सांगितली. डाव्या पानावर कोणाच्या तरी भाषणातला एक परिच्छेद उतरवायचा आणि उजव्या पानावर त्यातले प्रत्येक वाक्य काय काम करते ते लिहायचे. ‘सुंदर’, ‘प्रभावी’, ‘ओघवते’ या तीन शब्दांना त्या वहीत बंदी होती. वक्ता कोणाशी बोलतो आहे, ऐकणाऱ्यांच्या मनात आधीपासून काय आहे, त्यांच्याकडून त्याला काय हवे आहे आणि त्याने काय बोलायचे टाळले आहे, एवढेच पाहायचे.

पहिले भाषण आपल्या गावातलेच घेतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, जमलेल्या लोकांपुढे मराठीत प्रदीर्घ भाषण केले. दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणाऱ्या घरांतल्या मुलांनाही हे दुसऱ्या दिवसाचे भाषण वाचलेले नसते, असा माझा अनुभव आहे. या कार्यासाठी नागपूरच का निवडले, हा लोकांत कुजबुजला जाणारा प्रश्न बाबासाहेबांनी सुरुवातीलाच हाती घेतला. संघाचे कार्य इथे आहे म्हणून हे शहर निवडले, हा तर्क त्यांनी बाजूला सारला आणि मग नाग लोकांचा, त्यांनी केलेल्या बौद्ध धम्माच्या प्रसाराचा आणि इथल्या नाग नदीचा संदर्भ देऊन आपले कारण सांगितले. मुलीने उजव्या पानावर लिहिले होते: “लोकांच्या मनातली शंका आधी स्वतःच बोलून दाखवली. म्हणून पुढचं ऐकताना कोणी मनातल्या मनात भांडत बसत नाही. आणि कारण सांगताना लोकांच्याच गावाचं, नदीचं नाव घेतलं.” अकरावीतल्या मुलीची ही टिपण वाचून मला जे वाटले ते इथे लिहिण्याची गरज नाही. एवढेच सांगते की त्या दिवसापासून मी तिच्या वहीवर लाल शाईने लिहिणे बंद केले.

दुसरे भाषण संविधान सभेतले, २५ नोव्हेंबर १९४९चे. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, हा त्यातला भाग व्याख्यानांत नेहमी सांगितला जातो. तिचे लक्ष मात्र त्याच्या अलीकडच्या परिच्छेदावर गेले. राजकारणातली विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते हे सांगण्याआधी बाबासाहेब मान्य करतात की धर्माच्या क्षेत्रात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल. ही सवलत का दिली, यावर आमचा दोन तास खल झाला. तिचे म्हणणे होते की भक्तीवर जगणाऱ्या माणसाला आधी दुखावले असते तर त्याने कान मिटले असते. त्याच्या देवघराला हात न लावता त्याला मतपेटीपाशी आणून उभे केले आहे. पुढे ‘किती काळ’ अशी सुरुवात करून लागोपाठ येणारे दोन प्रश्नही तिने अधोरेखित केले आणि विचारले की हेच आपण स्पर्धेत केले तर ते नाटकी का वाटते. मूळ भाषण इंग्रजीत असल्याने तिने मराठी अनुवाद आणि मूळ मजकूर शेजारी ठेवून वाचला. त्या निमित्ताने तिचे इंग्रजीही सुधारले, पण तो विषय वेगळा.

हे विश्लेषण करायला कोणती परदेशी परिभाषा लागते असे नाही. अॅरिस्टॉटलने वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद अशी जी त्रयी सांगितली, ती उपयोगाची आहेच. पण मला वर्गात अधिक कामी आले ते न्यायदर्शनातले, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्रातले, पंचावयवी (पाच भागांचे) वाक्य: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. तसाच धूर या डोंगरावर आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. या मोजपट्टीने तिने मी लिहिलेले जुने भाषण मोजले आणि जराही भीड न बाळगता सांगितले की यात उदाहरणे सात आहेत, हेतू एकही नाही. वाद, जल्प आणि वितंडा यांतला भेदही तिला चटकन उमगला: सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा, केवळ जिंकण्यासाठी केलेली चर्चा आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती खोडून काढणे. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले तेव्हा कामकाजाची ध्वनिचित्रफीत पाहून तिने एका चर्चेतल्या वाक्यांपुढे या तीन अक्षरांच्या खुणा केल्या होत्या. ‘वा’ किती होते हे मी सांगत नाही.

पाठांतराला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करायला हवे. ओव्या, अभंग, श्लोक जिभेवर असले पाहिजेत. पण आपल्याकडच्या कीर्तनाची रचना पाहा. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात मूळ पद संताचे असते, ते कीर्तनकाराला मुखोद्गत असते आणि त्याचा शब्द बदलण्याचा त्याला अधिकार नसतो. निरूपण मात्र त्याचे स्वतःचे असते आणि ते समोरच्या श्रोत्यांप्रमाणे रोज बदलते. आपल्या विदर्भातले गाडगेबाबा तर श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत आणि मग पुढे सरकत. आपल्या स्पर्धांमध्ये निरूपणच पाठ केलेले असते, तेही दुसऱ्याने लिहिलेले, आणि आता तर अनेकदा भ्रमणध्वनीने लिहून दिलेले. एका स्पर्धेत तीन शाळांच्या तीन मुलांनी समुद्रकिनारी वाळूत अडकलेले मासे परत पाण्यात टाकणाऱ्या मुलाची तीच गोष्ट त्याच हातवाऱ्यांसह सांगितलेली मी परीक्षक म्हणून ऐकली आहे. तिघांपैकी एकाला आम्ही बक्षीसही दिले.

मुलीने स्वतःचीही गय केली नाही. भ्रमणध्वनीवर आपले तीन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तिने ते शब्दशः उतरवून काढले, तेव्हा ‘म्हणजे असं आहे की’ अकरा वेळा सापडले आणि ते प्रत्येक वेळी पुढचा मुद्दा माहीत नसलेल्या जागीच आले होते. उच्चारांबद्दल आम्ही असे ठरवले की औपचारिक भाषणात ‘ण’ सांभाळायचा, त्याचा सराव करायचा, पण बोलता बोलता ‘जाऊन राहिली’ आले तर अपराध्यासारखे थांबायचे नाही. वहीत शेवटी शेवटी बर्डीच्या रस्त्यावरच्या एका संत्रेवाल्याचेही एक पान आहे. तो भाव आधी सांगत नाही, सोललेली फोड हातावर ठेवतो. ती खाल्ली की माणूस अर्धा बांधला जातो, मग आकडा येतो. “भावाआधी चव,” असे तिने पुढे लिहिले आहे. वक्त्याची विश्वासार्हता मी यापेक्षा चांगली समजावू शकले नसते.

आता या सगळ्याचे फळ. बारावीत ती पुन्हा त्याच स्पर्धेला उतरली आणि तिला क्रमांक मिळाला नाही. आशय, भाषाशैली, उच्चार, हावभाव आणि वेळेचे पालन या रकान्यांत तिचे गुण बेताचेच आले, कारण ती हात फारसे हलवत नव्हती आणि एकदा थांबून तिने स्वतःचेच वाक्य दुरुस्त केले. पण १ मेच्या ग्रामसभेत गावाची सकाळची सहा चाळीसची एसटी वरचेवर रद्द होते हा विषय निघाला, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि दीड मिनिट बोलली. मी तिथे नव्हते. तिच्या आईने सांगितले. बस आली नाही त्या सोळा दिवसांच्या तारखा तिने कागदावर आणल्या होत्या. डिझेल महाग आहे आणि गाड्या कमी आहेत, हे आगाराचे म्हणणे तिनेच आधी मांडले. मग त्याच गाडीने महाविद्यालयात जाणाऱ्या नऊ मुलींपैकी दोघींनी शिक्षण सोडले हे सांगितले आणि बसली. भाषा घरचीच होती. ग्रामसभेने ठराव केला, गाडी काही आठवडे वेळेवर आली, सध्या पुन्हा कधी येते कधी नाही. आगाराला दुसरे पत्र तिनेच लिहिले आहे.

माझी विनंती आपल्या दैनिकाच्या माध्यमातून शहरातल्या स्पर्धा-संयोजकांना आहे. सहा मिनिटांचे भाषण पाच मिनिटांचे करा आणि उरलेल्या मिनिटात परीक्षकांनी स्पर्धकाला त्याच्याच भाषणावर एक प्रश्न विचारावा; त्या उत्तराला निदान तीस टक्के गुण असावेत. लिहून देणारा शिक्षक त्या वेळी प्रेक्षकांत बसलेला असेल, त्यामुळे पुढच्या वर्षी काय लिहून द्यायचे याचा तोही विचार करील. परीक्षकांनी निकालाबरोबर प्रत्येक स्पर्धकाला त्याच्या युक्तिवादाविषयी दोन ओळी लेखी द्याव्यात. बारावीच्या भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी परीक्षेसाठी आहेत. मोठ्या वर्गांत ही तोंडी परीक्षा माणशी दोन मिनिटांत उरकली जाते, हे मी स्वतः केलेले आहे आणि त्याचे मला समाधान नाही. त्या २० गुणांपैकी थोडे जरी एखाद्या भाषणाच्या विश्लेषणाला ठेवले, तर अशी वही लिहिणे एका मुलीपुरते राहणार नाही.

ती वही तिच्या परवानगीने मी सध्या माझ्याकडे ठेवून घेतली आहे. ज्या संयोजकांना किंवा शिक्षकांना ती पाहायची असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. मी घेऊन येईन. मात्र ती जूनच्या आत परत करायची आहे, कारण तिची धाकटी बहीण यंदा अकरावीला येते आहे आणि मागची पंचवीस पाने अजून कोरी आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर