छोटूच्या वाचनाबद्दल, ठमीकडून

ऐरोली, नवी मुंबई
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय चिमे,

तुझे सगळे व्हॉइस मेसेज ऐकले. शेवटच्यात तर तू अगदी रडकुंडीला आली होतीस. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? म्हणून सरळ पत्रच लिहायला बसले.

पहिलीतला आपला छोटू पुस्तकातला धडा धडाधड म्हणतो आणि नवं वाक्य समोर ठेवलं की मुका होतो, हेच ना? तू पाठवलेला व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघ. बोट दुसऱ्या ओळीवर आणि नजर पंख्याकडे! धडा तोंडपाठ झालाय गं त्याला. आमच्या वर्गात दरवर्षी अशी पाच-सहा पाखरं असतात. चित्र झाकून मधलंच एखादं वाक्य विचारलं की गाडी अडते, मग पोरगं पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात म्हणत तिथवर येतं. पाठांतर चांगलं आहे त्याचं, त्याबद्दल ओरडू नकोस. फक्त त्याला वाचन समजू नकोस.

भावजींना आकडे लागतात म्हणून सांगते. ५ जुलै २०२१ ला केंद्राने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. त्यात पहिलीच्या अखेरीस अपेक्षा एवढीच, की वयाला साजेशा, आधी न पाहिलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं मुलाला वाचता यावीत. मिनिटाला ४५ ते ६० शब्द ही अपेक्षा दुसरीची, आणि किमान ६० तिसरीची. पहिलीला वेगाचा आकडाच नाही. तेव्हा मोबाईलवर सेकंद लावून पोराला वाचायला बसवणं भावजींनी आजपासून बंद करावं, माझं नाव सांग. आणि वर्ष संपायला अजून अख्खं दुसरं सत्र आहे.

‘आधी न पाहिलेल्या’ हे त्यातलं कळीचं. तिथे पाठांतर कामाला येत नाही. अक्षर बघायचं, त्याचा आवाज आठवायचा, आवाज जोडायचे आणि जोडून जे झालं ते ओळखीचं आहे का हे बघायचं. म्हणून आम्ही क ख ग घ अशी रांग लावत बसत नाही. म, र, क, ल आणि काना एवढं आलं की राम, काम, मामा, काका, कमाल असं पोरांना लगेच वाचता येतं. पहिली वेलांटी मात्र फार छळते. ती दिसते अक्षराच्या आधी, म्हणायची नंतर. ‘किती’ वाचताना कितीतरी मुलं थबकतात. छोटू थबकत असेल तर थबकू दे, तू पटकन शब्द पुरवू नकोस.

परवाच वर्गात एक मुलगी ‘गाय चारा खाते’ वाचत होती. तिने ‘चारा’तला च आधी ‘चार’ आकड्यातल्यासारखा म्हटला, थांबली, स्वतःशीच हसली आणि नीट म्हणाली. अक्षर तेच, कागदावर कुठलीही खूण नाही. गाय काय खाते हे माहीत होतं म्हणून तिला चूक कळली. मला त्या थांबण्याचं फार अप्रूप वाटलं. शेजारचा मुलगा तेच वाक्य तिच्या दुप्पट वेगाने वाचून गेला आणि गाय काय खाते विचारल्यावर ‘गवत’ म्हणाला. चित्रात गवत होतं ना! आमच्याकडची आगरी घरातली मुलं ‘पाणी’ छापलेलं ‘पानी’ वाचतात, पण त्याला मी वाचनाची चूक धरत नाही. घरी तसंच बोलतात, आणि अर्थ पक्का पोचलेला असतो.

पाट्या वाचून घ्यायचा सल्ला तुला सगळे देतील. चांगला आहे, पण गंमत ऐक. भाचीला ठाण्याहून वाशीच्या गाडीत घेऊन आले. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, बाईसाहेब एकेक स्टेशन ऐटीत वाचत होत्या. मी खूश! मग लक्षात आलं, पाटी दिसायच्या आधीच डब्यात घोषणा होते. त्या दिवशी नेमकी तुर्भ्याची घोषणा गोंगाटात बुडाली, तर ‘तुभे’ वाचून थांबली आणि म्हणाली, “मावशी, ही वरची टोपी काय करते?” रफार तिला अजून शिकवलाच नव्हता. बाकी ‘तुभे’ मात्र तिने खरंखुरं वाचलं होतं.

तू घरी चिठ्ठ्या लिही. ‘कपाटात चार लाडू आहेत.’ एकही जोडाक्षर नको. चिठ्ठी हातात देऊन आपल्या कामाला लाग. तो कपाट उघडून लाडू मोजायला लागला तर वाचलं, दुसरी परीक्षा घ्यायची गरज नाही. आणि रात्री तू त्याला वाचून दाखवायचं सोडू नकोस. ‘आता मोठा झाला, स्वतः वाचेल’ म्हणून बहिणीने भाचीचं बंद केलं होतं, मी भांडून पुन्हा सुरू करवलं. कानावरून गेलेला शब्द कागदावर लवकर ओळखू येतो. शिकवणी वगैरे लावलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

एक राहिलंच. फळ्याकडे बघताना तो डोळे बारीक करतो, असं तू बोलता बोलता म्हणून गेलीस. मला त्याचीच जास्त काळजी वाटते. या आठवड्यातच डोळे तपासून घे, आणि डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव. तेवढ्यापुरता फोन केलास तरी चालेल.

तुझीच,
ठमी